खाटेच्या प्रत्येक सांध्यामागे एक दुखणे

घरच्या रुग्णासाठी खाट भाड्याने देणारे ‘सेमी फाउलर’, ‘फुल फाउलर’, ‘आयसीयू’ अशी चढती प्रतवारी सांगतात आणि नातेवाईक ऐपतीनुसार पायरी निवडतात. खाटेचा इतिहास मात्र या प्रतवारीला दुजोरा देत नाही. तिचा एकेक भाग वेगवेगळ्या दुखण्यासाठी घडला. जॉर्ज फाउलर या न्यूयॉर्कच्या शल्यचिकित्सकांनी १९००च्या सुमारास पोटात पू झालेल्या रुग्णांना अर्धवट बसते ठेवले, ते पू ओटीपोटाकडे उतरावा म्हणून. प्रतिजैविकांनंतर त्या कारणाला फारसा अर्थ उरला नाही. आज पाठ उचलतात ती दम लागू नये, भरवताना ठसका बसू नये यासाठी. पण टेकून बसलेले शरीर खाली घसरते आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाऊन सोलते. अमेरिकन शल्यचिकित्सक विलिस गॅच यांनी १९०९मध्ये मांडलेल्या तीन भागांच्या खाटेत गुडघ्यांखालीही उचल होती, त्यामुळे बसलेला रुग्ण जागच्या जागी राहतो. सतत पडून झालेल्या जखमांचा विचार तर त्याहून जुना: लंडनच्या डॉक्टर नील आर्नट यांनी १८३२मध्येच पाण्यावर तरंगणारे अंथरूण बनवले होते. आजची एअर मॅट्रेस त्याच प्रश्नाला भिडते. म्हणजे उठून बसू शकणाऱ्या दमेकऱ्याला फक्त पाठ उचलणारी ‘सेमी’ पुरेल. कूसही न बदलता येणाऱ्याला ती अपुरीच नव्हे, अपायकारकही ठरू शकते.

मग सगळ्या सोयींची खाट घेऊन मोकळे का होऊ नये? पैशांचा मुद्दा सोडला तरी सोयी एकमेकींच्या आड येतात. गादीवर एअर मॅट्रेस चढवली की बाजूचे कठडे तेवढेच बुटके होतात. शिवाय कठडेही निर्धोक नाहीत: त्यांच्या फटीत रुग्ण अडकून दगावल्याच्या नोंदींमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००६मध्ये त्या फटींची मापे सुचवावी लागली. माझ्या मते घरी पहिला खर्च उंची कमीजास्त होण्यावर करावा, आणि दुकानात नेमकी तीच सोय सर्वांत वरच्या पायरीवर असते. उंचीचा विचारही जुनाच: फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरचे १८६०चे पुस्तक घरी आजाऱ्याची देखभाल करणाऱ्या बायकांसाठी होते. खाट सोफ्याहून उंच नको आणि भिंतीला चिकटलेली नको, असे त्यात आहे. ठेंगण्या खाटेने शुश्रूषा करणाऱ्याची कंबर जाते, हा आक्षेप खराच. वॉर्डात पाळी बदलते. घरी सून किंवा आयाबाई दिवसभर एकटीच वाकते. म्हणूनच एकच उंची कामाची नाही: अंग पुसताना खाट कमरेपर्यंत यावी आणि रात्री रुग्ण स्वतः उठू पाहील तेव्हा त्याचे तळवे जमिनीला टेकावेत.