पाण्याला सातबारा नसतो : गव्हाणचे कोळी आणि न्हावा-शेवा बंदर

१/ उलव्याच्या उंच इमारतींना लागूनच गव्हाण हे जुने गाव आहे. तेथील कोळीवाडा पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगत आला.

२/ २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तत्पूर्वी, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूमिपुत्रांच्या लढ्यात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले.

३/ हा न्याय जमिनीचा होता. पाण्याला मात्र सातबारा नसतो. कांदळवनाच्या मुळांत कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात. भरावाने भरतीचे पाणी अडले की ती जागाच उरत नाही. मच्छीमाराचे हे नुकसान कोणत्या दप्तरी नोंदवायचे?

४/ रामदास जनार्दन कोळी आणि इतर मच्छीमारांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. गव्हाण, बेलपाडा, हनुमान कोळीवाडा व उरण कोळीवाडा येथील १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश पुण्याच्या खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी दिला. त्यातील ७० टक्के भार बंदरावर, उरलेला सिडको व ओएनजीसीवर होता.

५/ आज ‘हरित बंदर’ म्हणताच विजेवरील क्रेन आणि धक्क्यावरील जहाजांना किनाऱ्यावरून मिळणारी वीज आठवते. त्याने धूर घटतो. अडलेली खाडी मोकळी होत नाही. बंदराच्या खर्चात खाडीची किंमतही मोडते, ही या निकालाची शिकवण आहे.