एका विमानप्रवासात दोन सूर्योदय

फोनवर दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि वेळ लगेच समोर येते. पण हे तास कोण ठरवतं? फक्त किलोमीटर? आज मी तुम्हाला अशा एका मार्गाची गोष्ट सांगणार आहे, जिथे तास युद्धाने ठरवले.

फेब्रुवारी १९४२. सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि ऑस्ट्रेलिया ते लंडन हा नेहमीचा हवाईमार्ग तुटला. टपाल, सरकारी कागद, महत्त्वाची माणसं पोचवायची कशी? उत्तर होतं हिंदी महासागर. पर्थहून थेट श्रीलंकेतल्या कोग्गलाला, गॉल शहराजवळ. अंतर साधारण ५,६५० किलोमीटर. मध्ये उतरायला जागाच नाही.

१९४३च्या मध्यात क्वांटासने ही सेवा सुरू केली. विमानं होती कॅटलिना, पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी. वेग ताशी जेमतेम २०० किलोमीटर. आता गणित करा: अठ्ठावीस तास! वारा समोरून आला तर बत्तीससुद्धा. इंधनाचं वजन इतकं, की प्रवासी जास्तीत जास्त तीन, आणि टपाल सुमारे ६९ किलो.

बरं, जपानी विमानांच्या टप्प्यातला भाग रात्रीच्या अंधारात पार करायचा. रेडिओवर बोलायचं नाही, कारण आवाज शत्रूलाही ऐकू जातो. मग दिशा कळणार कशी? ताऱ्यांवरून. विमानांची नावंही ताऱ्यांचीच होती: स्पायका, अँटारेस, व्हेगा, अल्टेअर आणि रायजेल. पहिले चार तर आपल्या ओळखीचे! आपण त्यांना चित्रा, ज्येष्ठा, अभिजित आणि श्रवण म्हणतो.

चोवीस तासांहून जास्त वेळ हवेत, म्हणून प्रवाशांना एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा. त्याचं खास प्रमाणपत्रही मिळायचं. पुढे ही सेवा कराचीपर्यंत वाढली, तिथून लंडनकडे जाता यायचं. जुलै १९४५पर्यंत २७१ वेळा महासागर ओलांडला गेला, आणि एकही विमान गमावलं नाही.

मला सगळ्यात जास्त चटका लावतो तो शेवट. ही विमानं अमेरिकेकडून युद्धकाळच्या कराराने आलेली. युद्ध संपल्यावर त्या कराराच्या अटींमुळे ती मुद्दाम समुद्रात बुडवली गेली. शत्रूला जमलं नाही, ते कागदावरच्या एका अटीने केलं.

२०१८पासून पर्थहून लंडनला न थांबता विमान जातं. सुमारे १४,५०० किलोमीटर, वेळ साधारण सतरा तास. म्हणजे त्या काळी श्रीलंका गाठायला जेवढा वेळ लागायचा, त्याहून कितीतरी कमी वेळात आज थेट लंडन! पृथ्वी तेवढीच आहे. बदललं ते इंजिन, आणि वरचं आकाश मोकळं झालं. हे दुसरं आपण गृहीत धरतो. आजही कुठे युद्ध पेटलं, देशांनी आकाश बंद केलं, की विमानं वळसा घालतात आणि तिकिटावरचे तास वाढतात. पुढच्या वेळी असे वाढलेले तास दिसले, तर नकाशा उघडून बघा, विमान नेमकं कुणाचं आकाश टाळतंय.

भेटूया पुढच्या भागात!