इंदूरचा खड्डा

आजचा भाग शेण, मूत आणि पऱ्हाट्यांबद्दल आहे. तेव्हा जेवता जेवता ऐकत असाल तर आधी निवांत जेवून घ्या, मग या.

‘रिजनरेटिव्ह शेती’ हा शब्द तुम्ही रील्समध्ये ऐकलाच असेल. नांगरट कमी करा, जमीन उघडी ठेवू नका, काडीकचरा जाळू नका, पिकं फिरवत राहा, मातीतला सेंद्रिय कर्ब वाढवा. हा शब्द अमेरिकेतून आला. तिथे रॉबर्ट रोडेल यांनी तो १९८० च्या दशकात रूढ केला. त्यांचे वडील जे. आय. रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचं मासिक सुरू केलं होतं, आणि ते ज्यांच्या लिखाणाने भारावले होते ते अल्बर्ट हॉवर्ड. आता हॉवर्ड यांना हे सगळं कुठे सापडलं? इंदुरात. आपल्या होळकरांच्या इंदुरात. म्हणजे आज परदेशी म्हणून जे आपल्याला शिकवलं जातंय, त्याचा एक मोठा धागा माळव्याच्या काळ्या जमिनीतून निघालेला आहे.

हॉवर्ड इंग्लंडमधल्या शेतकरी घरातले, जन्म १८७३ चा. १९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणून आले. बरोबर पत्नी गॅब्रिएल, त्याही शास्त्रज्ञ आणि पुढे त्याच संस्थेत अधिकारी. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती काढल्या, आणि त्या खूप चालल्या. तिथेच थांबले असते तरी नाव झालं असतं. पण हॉवर्ड यांचं लक्ष आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या शेतांकडे गेलं. या लोकांकडे औषधं नाहीत, रासायनिक खतं नाहीत, तरी पिकांना रोग फारसे का नाहीत? त्यांनी ठरवलं की हे शेतकरी आणि पिकांवरचे कीडरोग, हेच आपले मास्तर. साहेबाने शेतकऱ्याला मास्तर म्हणणं, तेही १९१० च्या आसपास, ही साधी गोष्ट नव्हती.

आणखी एक गोष्ट ते सांगतात. चांगल्या मातीतला चारा खाऊन वाढलेले त्यांचे बैल, लाळ्या खुरकूत झालेल्या शेजारच्या जनावरांना नाक लावत असत, तरी आजारी पडले नाहीत. हा काही काटेकोर प्रयोग नव्हता. पण यातून त्यांच्या डोक्यात जे बसलं ते कायमचं: माती निरोगी तर पीक निरोगी, पीक निरोगी तर जनावर निरोगी.

अडचण अशी की पुशात प्रत्येक विभागाची भिंत वेगळी. वनस्पतीवाल्याने मातीत बोट घालायचं नाही, मातीवाल्याने किडीबद्दल बोलायचं नाही. म्हणून हॉवर्ड दांपत्याने नवी संस्था उभी करायचं मनावर घेतलं. मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसे दिले, होळकर दरबाराने ३०० एकर जमीन भाडेपट्ट्याने दिली आणि १९२४ मध्ये इंदूरची ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ सुरू झाली. काम होतं कापसाचं. पण कापूस सुधारायचा तर जमीन सुधारायला हवी, आणि जमिनीला हवं खत.

इथे आपल्या गोष्टीत यशवंत वाड येतात. नाव ऐकूनच मराठी वाटतं ना? वाड रसायनाची बाजू सांभाळत होते. कंपोस्ट कसं करायचं याची कल्पना बरीचशी चिनी शेतकऱ्यांची. एफ. एच. किंग या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाने १९११ च्या पुस्तकात त्यांच्या पद्धतीचं वर्णन केलं होतं आणि हॉवर्ड यांनी ते वाचलं होतं. पण खड्ड्यात नेमकं काय घडतं, काय कमी पडलं तर सडतं, काय बरोबर पडलं तर कुजतं, हे मोजून दाखवलं इंदुरात.

आता तो खड्डा समजून घेऊ, कारण खरी मजा तिथे आहे. ३० फूट लांब, १४ फूट रुंद, दोन-तीन फूट खोल. कापसाच्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, लाकडासारख्या टणक. त्या फोडायच्या कशा? शेतातल्या रस्त्यावर पसरून द्यायच्या, बैलगाड्यांची चाकं जाऊन जाऊन चुरा होतो. मग तो चुरा, तण, पाला, उसाचं पाचट असं सगळं मिसळून गोठ्यात बैलांखाली अंथरायचं. मूत त्यात मुरतं. ते उचलून खड्ड्यात थरांनी टाकायचं. वरून शेणाचा काला, गोठ्यातली मुताने भिजलेली माती, लाकडाची राख आणि दहा-पंधरा दिवसांच्या जुन्या खड्ड्यातलं थोडं बुरशी आलेलं कंपोस्ट. दही लावायला विरजण घालतो तसं. तीन महिन्यांत तीनदा खालीवर करायचं, की काळं, भुसभुशीत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग.

वाड यांच्या कामाचं महत्त्व इथे कळतं. सुरुवातीला मिश्रणात कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण ३३ ला १ असावं लागतं. नुसत्या काड्या टाकल्या तर ढीग तसाच पडून राहतो, नुसतं शेण टाकलं तर वास सुटतो आणि नत्र हवेत उडून जातं. गावातला उकिरडा आणि इंदूरचा खड्डा यातला फरक हाच. शिवाय या पद्धतीत थोडंच शेण लागतं, म्हणजे उरलेल्याच्या गोवऱ्या करून चूल पेटवता येते. शेतकऱ्याला ‘शेण जाळू नकोस’ असा कोरडा उपदेश करण्यापेक्षा हे मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

१९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने पुस्तक आलं. शेतीतल्या टाकाऊ मालाचं खत कसं करायचं, हा विषय. त्याच्या आदल्या वर्षी गॅब्रिएल वारल्या होत्या. हॉवर्ड इंग्लंडला परतले, पुढे ‘सर’ झाले, १९४० मध्ये त्यांचं ‘अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंट’ गाजलं. जग त्यांना सेंद्रिय शेतीचे जनक म्हणू लागलं. गॅब्रिएल आणि वाड तळटिपांमध्ये राहिले.

पण मला नावापेक्षा दुसरी गोष्ट जास्त टोचते. १९३५ मध्ये गांधीजी स्वतः ही संस्था पाहून आले होते, तरी पद्धत पटापट पसरली ती केनियाच्या कॉफीमळ्यांत आणि बंगाल-आसामच्या चहामळ्यांत. जिच्यासाठी शोधली त्या छोट्या शेतकऱ्याकडे ती कमीच पोचली. का? कारण खड्डा फुकट नाही. त्याला पाणी हवं, बैल हवेत, तीनदा खालीवर करायला माणसं हवीत. मळेवाल्याकडे मजूर हुकमी होते. दोन एकरवाल्याकडे पऱ्हाटी हेच सरपण होतं. ती खड्ड्यात घातली तर चुलीत काय घालणार? मग साठच्या दशकात युरियाचं पोतं आलं. ते डोक्यावरून नेता येतं.

आज आपल्याकडे याच अडचणीवर काम करणारे लोक आहेत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विनानांगरणीची शेती मांडतात: कचरा बाहेर कुजवून परत आणायचा कशाला, मुळं आणि धसकटं रानातच कुजू द्या. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांचं ‘एसआरटी’ तंत्र भातासाठी सुरू झालं, गादीवाफ्यावर, चिखलणी आणि लावणी न करता. त्या नावातला ‘आर’ आधी ‘राईस’चा होता, आता तो ‘रिजनरेटिव्ह’चा आहे. तणनाशक वापरतात म्हणून कट्टर सेंद्रियवाले नाकं मुरडतात, आणि तो वाद खरा आहे. पण मजुरी वाचते, आणि इंदूरचा खड्डा नेमका तिथेच अडला होता.

विदर्भात, मराठवाड्यात वेचणी संपली की बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पेटतात. हॉवर्ड-वाड यांचं पुस्तक नेटवर फुकट वाचायला मिळतं, इंग्रजी आहे पण अवघड नाही. कुणाच्या घरी कापूस असेल तर काड्यांबद्दलचं तेवढं आधी वाचा, आणि तुमच्या भागात बैलगाडीच्या चाकाऐवजी श्रेडर भाड्याने काय भावात मिळतो ते मला व्हॉइस नोटवर कळवा.