रानपिंगळा
मध्य भारतातील एक लहान शिकारी पक्षी. ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. १८८४ नंतरचा अस्सल नमुना मात्र संग्रहालयांत नव्हता. मायनर्ट्‌झहागेन यांचा १९१४ चा म्हणून दाखविलेला नमुना चोरलेला व जुनाच असल्याचे पॅमेला रासमुसेन यांनी दाखवून दिले. ही फसवी नोंद वगळून, अस्सल नमुन्यांची जुनी ठिकाणे धुंडाळताना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना व सहकाऱ्यांना हा पक्षी आढळला. गावोगावच्या नेहमीच्या पिंगळ्याशी त्याची गल्लत सहज होते. त्यामुळे त्या वेळी घेतलेली छायाचित्रे निर्णायक ठरली. जवळजवळ ठिपकेविरहित माथा, दाट पांढऱ्या पिसांचे पाय व शेपटीवरील रुंद पट्टे ही त्याची लक्षणे होत. पुढे बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेलगतच्या मेळघाटातही तो आढळला.