टपालाने आलेली शिशी

मुंबईकडून येणारी गाडी नांदगाव स्टेशनात थांबली की टपालाच्या थैल्या खाली उतरत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत त्या थैल्यांत पत्रे, मनीऑर्डरी, वर्तमानपत्रे यांच्या जोडीने कापडात शिवून लाखेने बंद केलेली लहान लहान पुडकीही असत. एखादे जामनगरच्या गोळ्यांचे, एखादे गिरगावातल्या बाळाच्या औषधाचे, एखादे थेट लाहोरहून निघालेले. पोस्टमन दारात उभा राहून आधी पैसे मोजून घेई आणि मग पुडके हातात देई. त्या पुडक्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. वैद्यक शिकला असाल तर या, इतिहास शिकला असाल तर या. दोन्ही शिकला नसाल, पण घरात जुनी कागदपत्रे जपून ठेवली असतील, तर सगळ्यांच्या आधी या.

या विषयासाठी मुंबई-पुणे सोडून नांदगावात का उभे राहायचे, हे आधी सांगतो. मुंबईत औषध विकणारे होते, छापखाने होते, दवाखाने होते. नांदगाव हे औषध घेणाऱ्यांचे गाव. नाशिक जिल्ह्यातले, जी. आय. पी. रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. 1900 साली मनमाडहून औरंगाबादकडे लोहमार्ग सुरू होईपर्यंत वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी इथेच उतरून टांग्याने पुढे जात. दक्षिणेला हद्द ओलांडली की निजामाचे राज्य लागे, त्याची टपाल तिकिटेही वेगळी. अशा गावात रुळांवरून जग येत होते आणि रुळांपासून चार कोस आत गेले की सुईण, वैदू आणि घरातली म्हातारी एवढाच वैद्यकाचा आधार होता. टपालाने येणारे औषध या दोहोंच्या मधल्या जागेत पोचले. आजवरचे बहुतेक लेखन विकणाऱ्याच्या बाजूने झाले आहे, कारण त्याच्या जाहिराती छापलेल्या आहेत. घेणाऱ्याने काही छापले नाही. या क्षेत्राचे खरे काम त्याच्या दारातून सुरू होते, असे माझे ठाम मत आहे.

हा व्यापार उभा कशामुळे राहिला? औषधाच्या आधी टपाल खात्याच्या तीन सोयी पाहाव्या लागतात. 1877 साली व्हॅल्यू पेएबल टपाल, म्हणजे आपली व्ही. पी., सुरू झाली. 1879 मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड आले. 1880 पासून मनीऑर्डर टपाल खात्याकडे आली. या तिन्ही एकत्र केल्या की सगळे यंत्र डोळ्यांसमोर उभे राहते. नांदगावच्या माणसाने एका पैशाचे कार्ड लिहायचे. स्वतः लिहिता येत नसेल तर कुणाकडून लिहवून घ्यायचे. पुडके येईपर्यंत दमडीही द्यायची नाही. आले की पोस्टमनकडे पैसे द्यायचे, ते मनीऑर्डरने विकणाऱ्याला पोचणार. घ्यायचे नसेल तर पुडके परत जाणार आणि जाण्यायेण्याचा भुर्दंड विकणाऱ्याच्या माथी बसणार. शेकडो कोसांवरच्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न टपाल खात्याने असा सोडवला होता. जाहिरातींच्या शेवटी येणारे ‘ट. ख. निराळा’ (टपाल खर्च वेगळा) हे शब्द ज्यांनी जुने अंक चाळले आहेत त्यांना पाठ असतील. त्या अडीच शब्दांमागे एवढी व्यवस्था होती.

खुद्द सरकारही टपालातून औषध देत होते. 1892 मध्ये बंगालात पोस्ट ऑफिसातून क्विनीनची एकेक पैशाची पुडी विकायला सुरुवात झाली आणि पुढे इतर प्रांतांनी तोच मार्ग धरला. थंडीतापाने पानथरी वाढलेल्या माणसाला औषध आणि पोस्ट ही दोन नावे एकत्र ऐकण्याची सवय सरकारने लावली, तिचा फायदा खाजगी विक्रेत्यांनी उचलला.

आता पाठवणारे कोण होते ते पाहू. यादी लांब आहे, त्यातली थोडीच नावे घेतो. पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिक यांनी 1872 मध्ये धूतपापेश्वर सुरू केले. शास्त्रोक्त आयुर्वेदिक औषधे कारखान्यात तयार करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक. मुंबईत 1893 मध्ये काशीनाधुनी नागेश्वरराव या आंध्रातल्या गृहस्थांनी अमृतांजन काढले. 1910 मध्ये झंडू आले. गिरगावातल्या के. टी. डोंगरे कंपनीचे बालामृत तर कितीतरी मराठी घरांत बाळाच्या नावाबरोबर आठवले जाते. बाटलीवालांचे हिवतापावरचे मिक्श्चर वरळीत तयार होई. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या, मथुरेच्या सुखसंचारक कंपनीचे सुधासिंधु, 1901 पासून लाहोरच्या पंडित ठाकूरदत्त शर्मांची अमृतधारा. विलायतेहून बीचम्सच्या गोळ्या आणि डॉक्टर विल्यम्सच्या गुलाबी गोळ्या. नव्या वाचकाला एक गोष्ट पटकन दिसेल: मराठी वाचकाच्या शरीरासाठी गुजरात, पंजाब, कलकत्ता आणि लंडन एकाच पानावर बोली लावत होते.

‘पेटंट औषध’ हा शब्दच मुळात फसवा आहे, तेव्हा त्याची गाठ इथेच सोडवू. पेटंट घ्यायचे तर आपली कृती सरकारदरबारी उघड करावी लागते. या औषधांचे सारे बळ कृती न सांगण्यात होते. इंग्लंडात राजाची सनद मिळालेल्या जुन्या औषधांवरून हे नाव पडले आणि पुढे गुप्त औषधांना चिकटून राहिले. विकणारा राखत होता ते नाव, चित्र आणि वेष्टन; म्हणूनच ‘नकली मालापासून सावध’ असा इशारा पानोपानी दिसतो.

गुप्ततेच्या या प्रश्नावर नाशिक जिल्ह्याचे स्वतःचे उत्तर आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 1907 मध्ये नाशिकला अखिल भारतीय वैद्य संमेलनाचा पाया घातला. त्यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथ मराठी घरांत पोथीसारखा वापरला गेला. त्यात वनस्पती नावानिशी आहे, गुण आहेत, कोणत्या दुखण्यावर कसे द्यायचे तेही आहे. झाकून ठेवलेले काही नाही. पदे 1909 मध्येच गेले, जेमतेम चाळिशी ओलांडून. पण एकाच काळात एकाच वाचकापुढे दोन वाटा होत्या: एकीकडे कृती लपवून बाटली विकणारा, दुसरीकडे कृती छापून ग्रंथ विकणारा. दोघेही टपालानेच पोचत होते. या दोन वाटा शेजारी ठेवून कुणी नीट अभ्यास केला, तर मराठी समाजाने वैद्यकीय ज्ञान कुणाच्या मालकीचे मानले याचे उत्तर मिळेल.

या दोन वाटा पुढे एकमेकींत मिसळल्या, आणि अमृतधारेइतके त्याचे सुरेख उदाहरण मला दुसरे माहीत नाही. लाहोरची अमृतधारा हे एका कंपनीचे नाव. आज मात्र आपल्याकडे कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल शिशीत एकत्र करतात, त्यालाच अमृतधारा म्हणतात. तिन्ही पदार्थ कोरडे, खड्यांचे. एकत्र आले की हात न लावता विरघळून पातळ होतात. लहानपणी नांदगावला आजीच्या फळीवर ही शिशी पाहिल्याचे मला आठवते. पोटात मुरडा आला की बत्ताशावर दोन थेंब. ते घरगुती औषध आहे, आजीच्या आजीपासून चालत आले आहे, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. टपालाने आलेले एक नाव घरात मुरले, त्याची कृती घरोघर झाली आणि ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून पुढच्या पिढीच्या हाती आली. घरगुती आणि बाजारी यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जुनी नाही.

उलट दिशेचा प्रवासही पाहावा. बाळगुटी ही खास बायकांची विद्या. वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, सुंठ, ज्येष्ठमध. प्रत्येकाचे सहाणेवर किती वेढे द्यायचे हे बाळाचे पोट, शी आणि ऋतू पाहून ठरे. आज खोकला आहे तर अमक्याचा एक वेढा जास्त. मात्रा ठरवण्याची ही कला हातांत होती, कागदावर नव्हती. बाटलीतल्या गोड औषधाने ती सगळी निवड एका चमच्यावर आणली. सोय झाली, यात शंका नाही. शेतावर किंवा गिरणीत कामाला जाणाऱ्या आईला सहाणेपाशी बसायला वेळ कुठला? पण बाळाकडे रोज पाहून वेढे ठरवणारी नजर त्या सोयीत हळूहळू मागे पडली, आणि तिची नोंद कुणी ठेवली नाही.

तरीही घरगुती म्हणजे निर्दोष, असे मानून या क्षेत्रात पाऊल टाकू नका. बाळ झोपावे म्हणून अफूची बाळागोळी दिली जात होती. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची पाहणी 1922 मध्ये डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी केली, तेव्हा मुंबईत ही चाल सर्रास दिसली. पोटावर डाग देणे, बिब्बा घालणे यांच्या खुणा अंगावर वागवणारी माणसे माझ्या पिढीने पाहिली आहेत. आणि विलायती बाटली म्हणजे शास्त्र, असेही नव्हते. डॉ. कॉलिस ब्राउन यांचे क्लोरोडाइन हिंदुस्थानातल्या लष्करी नोकरीत 1848 च्या सुमारास जन्मले. त्यात मॉर्फिन, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क होता. जुलाब थांबत, कळ थांबे, आणि सवय लागे. गावातली बाळागोळी आणि साहेबाची बाटली यांच्यात अफू हा एकच दुवा आहे.

बाटलीत काय आहे हा प्रश्न जगभर साधारण एकाच वेळी विचारला गेला. 1905 मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांनी अमेरिकेत या धंद्यावर लेखमाला लिहिली. 1906 च्या कायद्याने मद्य, अफू, मॉर्फिन, कोकेन यांचा लेबलवर उल्लेख बंधनकारक झाला. 1909 मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने गुप्त औषधांची रासायनिक तपासणी करून पुस्तक छापले. बीचम्सच्या गोळीत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने 1930-31 मध्ये चौकशी केली, 1940 मध्ये औषधांचा कायदा झाला. त्यातून आयुर्वेदिक आणि युनानी औषधे वगळली होती. ती 1964 च्या दुरुस्तीने कायद्याखाली आली. चमत्कारी गुणाच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा 1954 चा. नांदगावच्या गिऱ्हाइकाला बाटलीत काय आहे हे विचारण्याचा कायदेशीर आधार मिळेपर्यंत त्याच्या दोन पिढ्या औषध पिऊन झाल्या होत्या.

पद्धतीविषयी थोडे. जाहिरात हा वापराचा पुरावा नव्हे. विकणाऱ्याला काय आशा होती एवढेच ती सांगते. प्लेगच्या वर्षांत, म्हणजे 1896 नंतर, आणि 1918 च्या इन्फ्लुएन्झात अनेक औषधे एकाएकी त्या त्या रोगावरची झाली. आधीच्या वर्षी तीच बाटली कशावर चालत होती, हे जुना अंक काढून पाहिल्याशिवाय पुढे लिहू नये. पुरुषांच्या दुबळेपणावरच्या औषधांनी जाहिरातींचा मोठा भाग व्यापला आहे. डग्लस हेन्स यांनी त्यावर चांगले काम केले आहे. मुंबई इलाख्यातल्या आरोग्यव्यवस्थेसाठी मृदुला रामण्णा यांची पुस्तके वाचावीत, आयुर्वेदाच्या नव्या रूपासाठी रेचेल बर्जर यांचे. मराठीतली साधने मात्र आपल्यालाच वाचावी लागतील: ‘केसरी’ची शेवटची पाने, 1895 पासूनचे ‘मनोरंजन’, पंचांगांची वेष्टने, कंपन्यांनी फुकट वाटलेल्या पुस्तिका.

स्त्रियांचे दुखणे या कागदांत सगळ्यांत कठीण जागी दडलेले आहे. पुरुष डॉक्टरपुढे अंगावरून जाण्याचा त्रास सांगणे अशक्य होते, तेव्हा बंद पुडक्यातली बाटली हा मोठा आधार होता. पण व्ही. पी. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे येई आणि पैसेही त्यांच्याच हातून जात. औषध कुणाच्या नावावर आले आणि कुणाच्या पोटात गेले, या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. जमाखर्चाच्या वहीत मीठ, तेल, गूळ यांच्या खाली ‘व्ही. पी.’ एवढेच लिहिलेले असते. कुणासाठी, कशासाठी, गुण आला की नाही, याचा शोध घरातल्या वृद्ध बाईला विचारूनच लागतो, आणि तिला विचारायला आता फार वेळ उरलेला नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. नांदगाव, मनमाड, चाळीसगाव, येवला, मालेगाव, कुठेही तुमचे जुने घर असेल तर माळ्यावरची पत्र्याची पेटी रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडा. जमाखर्चाच्या वह्या, औषधांची लेबले, व्ही. पी.च्या पावत्या, पुस्तकात दुमडून ठेवलेली काढ्याची कृती, जे मिळेल त्याचे छायाचित्र घ्या. पाठीमागची बाजूही घ्या. गाव, घर आणि साल लिहून ठेवा. शिशीत तळाला काही उरले असेल तर ती धुऊ नका.