रामदास बोट आणि दिंडीची वीणा

मंडळी म्हणाली, दिंडीला शंभर वर्षं झाली, बुवा, तुम्ही जुनं कायतरी लिवा. माझं शिक्षण चौथी. वडिलांकडून ऐकलेलं आणि आपल्या अलिबाग मुलखात घरोघर ठाऊक असलेलं लिहितो.

साल १९४७. स्वातंत्र्याला महिना उरलेला. १७ जुलै, गुरुवार, आषाढी अमावस्या. मुंबईत कामाला असलेली आपली माणसं सणाला घरी निघाली. तेव्हा आजच्यासारख्या गाड्या कुठल्या? भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं रेवस गाठायचं. सकाळी आठला रामदास बोट सुटली. बोटीवर सातशेच्या आसपास माणूस. वाटेत एकाएकी वादळ उठलं. काशाच्या खडकाजवळ लाटा बोटीवर आदळल्या, पाणी आत आलं. घाबरून लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेच्यावर जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळं मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नाही. पोहून किनारा गाठलेल्यांनीच खबर दिली. रेवसकडून मासळी विकायला निघालेल्या कोळी बांधवांनी मासळी दर्यात टाकून हाताला लागतील तेवढी माणसं होड्यांत ओढून घेतली.

त्या बोटीत माझे थोरले चुलते होते. आपल्या दिंडीचे विणेकरी. आषाढीची वारी करून ते गिरणीत परत गेले होते. वीणा घरी खुंटीला होती. त्यांचा देह मिळाला नाही.

आजी म्हणायची, "माझा लेक नुकता पंढरीहून आलेला, विठ्ठलानं त्याला पाण्यात कसा सोडला?" दिंडीतल्या जाणत्यांनी उत्तर दिलं नाही. नुसते येऊन ओसरीवर बसायचे. वर्षभर तिनं वीणेला कुणाचा हात लागू दिला नाही. पुढच्या आषाढीला दिंडी निघताना मात्र तिनंच ती खाली काढली आणि माझ्या वडिलांच्या गळ्यात घातली. तीच वीणा आज दिंडीत पुढं चालते.

काही लोक म्हणतात, अमावस्येनं घात केला. मी कीर्तनात सांगतो, बाबांनो, तिथीला दोष देऊ नका. वादळ आलं, गर्दी एकीकडं झाली, सांगावा धाडायची सोय नव्हती. आणि देव कुठं होता विचाराल, तर दिवसाची कमाई पाण्यात सोडून माणूस उचलणाऱ्या त्या कोळ्यांच्या हातात होता. मला तरी तेवढंच उमगलं.