कोकम
(रातांबा, भिरंड, लॅ. गार्सिनिया इंडिका, कुल–क्लुसिएसी). पश्चिम घाटातील आंबट फळांचा सदापर्णी वृक्ष. मूलस्थान पश्चिम घाट. प्रसार कोकण, गोवा, कर्नाटक व केरळ येथे. उंची १०–१५ मी.; नर व मादी फुले बहुधा वेगळ्या झाडांवर येतात. फळे गोल, पिकल्यावर गडद लाल. हंगाम मुख्यतः एप्रिल–मे. बियांच्या रोपांत सुमारे निम्मी नर निघत असल्याने मादी झाडांची मृदुकाष्ठ कलमे लावतात (→ कलमे). ‘कोकण अमृता’ ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जात. सालीला फळाच्या रसाची पुटे देऊन उन्हात वाळवून आमसुले करतात. ती आमटी व सोलकढीत वापरतात. साखरेत मुरवलेल्या सालीपासून सरबत होते. बियांचे थिजणारे तेल (मुठेल) पायांच्या भेगांवर लावतात (→ वनस्पतिज तेले). सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक अम्ल असते.